मूठ आणि मेंदू
साठीनंतर हाताची पकड सैल पडते, ती केवळ कोपराखालचे स्नायू झिजतात म्हणून नव्हे. पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मज्जापेशी कमी होतात, संदेशांचा वेग मंदावतो, बोटांच्या टोकांची स्पर्शाची जाण बोथट होते. हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागात एकट्या हाताने व्यापलेली जागा पाठ आणि पाय यांच्यापेक्षा कितीतरी मोठी असते. त्यामुळे सदऱ्याचे बटण लावणे, कुलपात किल्ली घालणे, गोळी पाकिटातून सोडवणे जड जाऊ लागले, की सांध्यांबरोबर लक्ष आणि नियोजनशक्ती यांचाही विचार करावा लागतो. आशियाई देशांसाठी २०१९ मध्ये ठरलेल्या निकषानुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ती अशक्त समजतात.

हातांच्या कष्टावर उभ्या गावाचे उदाहरण म्हणजे छत्तीसगडमधल्या दुर्ग जिल्ह्यातले भिलाई-चरोदा हे रेल्वेचे गाव. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरच्या इथल्या मार्शलिंग यार्डात मालगाड्यांची जुळवाजुळव चालते. शेजारच्या भिलाईत १९५९ मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. अशा गावात आयुष्यभर हात राबलेले असतात. निवृत्तीच्या दिवशी हातांचे काम, पाळीचे वेळापत्रक आणि सोबत्यांचा घोळका ही तिन्ही एकदम सुटतात. सकाळचा फेरफटका त्यांतले फारच थोडे भरून काढतो. सामूहिक व्यायामाचे खरे महत्त्व इथेच आहे.

मराठी मुलखात अशा वर्गांची चांगली परंपरा आहे. नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ अनेक वर्षे विनामूल्य योगवर्ग चालवते. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि ती कल्पना परदेशातही पोचली. गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघही आहेत. घरी एकट्याने सुरू केलेला व्यायाम सहज सुटतो. गटात दोन दिवस गैरहजर राहिले, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी विचारपूस करते.

मेंदूला व्यायामाचा लाभ किती, याचे पुरावे एकसारखे नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालण्याचा व्यायाम केला. स्मरणाशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूचा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांमध्ये तो घटला. मात्र २०१५ मधल्या सोळाशेहून अधिक ज्येष्ठांच्या चाचणीत दोन वर्षांच्या व्यायामानंतरही आकलनशक्तीत फरक आढळला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधल्या १,२६० जणांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे व्यायामाला आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावरील देखरेख यांची जोड होती, आणि लाभ दिसला. व्यायाम आवश्यक आहे, पण तो एकटा पुरेसा नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

हातांबाबत नियम अधिक सरळ आहे: ज्या अवयवाला सराव, त्यालाच मुख्यत्वे फायदा. केवळ चालल्याने बोटे चपळ होत नाहीत. म्हणून तासाभराच्या वर्गात दहा-पंधरा मिनिटे हातांची असावीत. ओला पंचा दोन्ही दिशांनी पिळणे, मऊ चेंडू दाबणे, अंगठा क्रमाने प्रत्येक बोटाला टेकवणे, शेंगा सोलणे, वाती वळणे यांसाठी खर्च जवळपास काहीच नाही. लेझीम तर या कामी फार उपयोगी: मनगट, पाय, ठेका आणि पुढची चाल आठवणे हे सारे एकाच वेळी घडते. चालता चालता शंभरातून सात-सात वजा करण्याचा सरावही मेंदूला दुहेरी काम देतो. तोल जात असेल, तर ही वजाबाकी बसूनच करावी.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवस स्नायूबळाचा आणि तीन दिवस तोल व ताकद यांचा एकत्र सराव सुचवते. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा वारंवार चक्कर असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. हात अचानक लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे.

दुर्ग, भिलाई आणि रायपूर इथल्या मराठी मंडळांकडे माणसेही आहेत आणि एकत्र येण्याची सवयही. गणेशोत्सवासाठी जमणाऱ्या याच मंडळींनी आठवड्यातून तीन सकाळी ज्येष्ठांचा वर्ग भरवावा आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची पकड मोजून तिची नोंद ठेवावी.