संकेतस्थळ नव्या जागी, पत्ता मात्र जुनाच

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलविले जाते. काही वाचकांना नवे पान लगेच दिसते. काहींना मात्र दुसऱ्या दिवशीही जुनेच पान दिसत राहते. नव्या पानावर तातडीची सूचना असेल, तर ती त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. हे का घडते?

महाजालावरील संगणक परस्परांना आयपी पत्त्याच्या अंकांनी ओळखतात. नावावरून तो पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. अमेरिकन संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली तिची रचना केली.

आपण नाव टाइप करताच ब्राउझर प्रथम स्वतःच्या आणि मग संगणकाच्या स्मृतीत पत्ता शोधतो. तेथे तो नसल्यास, सामान्यतः इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे विचारणा होते. त्याच्याकडेही उत्तर नसेल, तर तो टप्प्याटप्प्याने त्या संकेतस्थळाच्या अधिकृत डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचतो. मिळालेले उत्तर पुढील वेळेसाठी साठविले जाते. यालाच कॅशिंग म्हणतात.

उत्तर किती काळ जपावे, हे अधिकृत सर्व्हर सेकंदांत कळवितो. ही मुदत म्हणजे टीटीएल. ३६०० म्हणजे एक तास, तर ८६४०० म्हणजे एक दिवस. मुदत संपेपर्यंत सहसा नव्याने विचारणा होत नाही. म्हणूनच काहींना जुने पान दिसते.

यावर उपाय पूर्वतयारीचा आहे. मुदत एक दिवसाची असल्यास, स्थलांतराच्या किमान एक दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणावी. ऐन वेळी ती घटवून लाभ नाही. कारण आधी दिलेली उत्तरे जुन्याच मुदतीने जपली जातात. जुना सर्व्हरही काही दिवस चालू ठेवावा.

मग मुदत कायमच अल्प का ठेवू नये? २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डाइन या डीएनएस कंपनीवर मोठा सायबर हल्ला झाला. तेव्हाचे ट्विटर आणि इतर अनेक संकेतस्थळे कित्येकांना उघडेनात. पत्ता सांगणारी व्यवस्थाच कोलमडली होती. अशा प्रसंगी दीर्घ मुदतीने साठविलेले उत्तर तारून नेते. म्हणून स्थलांतर पूर्ण होताच मुदत पुन्हा वाढविणे हिताचे.

वाचकहो, जुने पान दिसल्यास संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही ते दिसत राहिल्यास जुना पत्ता बहुधा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतो; तेथील मुदत संपेपर्यंत थोडा धीर धरावा.