लालसर डोक्याची दोन बदके : दुर्मिळ कोण, धोक्यात कोण?

शेवगाव तालुक्याच्या उत्तर सीमेला जायकवाडी धरणाचा नाथसागर पसरला आहे. धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात महाराष्ट्रातील अशा जलाशयांवर उत्तरेकडून येणाऱ्या बदकांत कॉमन पोचार्ड आणि फेरुजिनस पोचार्ड या दोन जाती सहज गफलत करणाऱ्या आहेत. दोन्ही आयथिया या एकाच प्रजातीतील असून बुडी मारून अन्न शोधतात.

कॉमन पोचार्डच्या नराचे डोके तांबूस, छाती काळी, पाठ राखाडी आणि डोळा लाल असतो. फेरुजिनस पोचार्ड आकाराने किंचित लहान आहे. त्याच्या नराचे डोके, मान व छाती गडद तांबूस असून डोळा पांढरा असतो. शेपटीखालचा पांढराशुभ्र भाग ही त्याची दुरूनही पटणारी खूण होय.

पाण्याची निवडही भिन्न आहे. कॉमन पोचार्ड उघड्या पाण्यावर मोठ्या थव्याने विसावतो. फेरुजिनस मात्र बुजरा. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या काठालगत तो जोडीने किंवा लहान गटाने वावरतो. त्यामुळे तो क्वचितच दृष्टीस पडतो.

साहजिकच अधिक धोका त्यालाच असावा, असे वाटते. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत फेरुजिनस ‘संकटसमीप’ वर्गात आहे. थव्याने दिसणारा कॉमन पोचार्ड मात्र २०१५ पासून त्याहून गंभीर अशा ‘असुरक्षित’ वर्गात गेला. यादी केवळ संख्या पाहत नाही, घटीचा वेगही पाहते. तीन पिढ्यांत ३० टक्के वा अधिक घट हा ‘असुरक्षित’ ठरण्याचा एक निकष आहे. पाणथळींचा ऱ्हास, शिकार आणि पाण्याचे प्रदूषण ही त्यामागील कारणे आहेत. युरोपातील थव्यांत माद्यांचे प्रमाण घटत चालल्याचेही आढळले आहे. म्हणजे थवा मोठा दिसला, तरी त्यातून पुढची पिढी घडविणाऱ्या जोड्या कमीच असू शकतात.

म्हणूनच एकाच उपायाने दोघांचे रक्षण होणार नाही. एकाला शांत, उघडे पाणी हवे. दुसऱ्याला वनस्पतींनी झाकलेला काठ. पाणी ओसरताच काठ नांगरला गेला किंवा वनस्पती काढून टाकल्या, तर विस्तीर्ण जलाशय भरलेला असूनही फेरुजिनसला तेथे थारा उरत नाही. पक्षिगणनेत दोन्ही जातींची नोंद स्वतंत्रपणे होणे, ही संरक्षणाची पहिली पायरी ठरते.