खेळातले जग आणि हिंगोलीचा पाऊस

संगणकावरच्या काही खेळांत आधी जग तयार करावे लागते, मग खेळ सुरू होतो. २००६ साली आलेला ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा असाच एक खेळ. त्यात जमिनीची उंची, पाऊस, तापमान आणि पाण्याचा निचरा यांचे आकडे खेळाडू ठरवू शकतो. त्यावरून कुठे वाळवंट, कुठे जंगल आणि कुठे दलदल होणार हे ठरते. नवखा खेळाडू प्रत्येक आकडा सुटा बदलतो आणि नकाशा फसतो. खरे तर हे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. हिंगोली जिल्हा त्याचे उत्तम उदाहरण आहे.

पहिला आकडा उंचीचा. अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पाणी सोडते. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारी हवा तापते व कोरडी होते. सोलापूरकडे जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर उरतात. हा पर्जन्यछायेचा नियम ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्येही चालू-बंद करता येतो.

पण एवढाच नियम लावला तर आणखी पूर्वेकडची हिंगोली त्याहून कोरडी व्हायला हवी. प्रत्यक्षात तिथे साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस होतो. कारण बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे तिथपर्यंत पोहोचतात. म्हणजे डोंगर मांडताना वारा कोणकोणत्या समुद्रावरून येतो, हेही मांडावे लागते.

हवामानशास्त्रज्ञ हेच काम भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी करतात. १९७५ साली हान आणि स्युकुरो मानाबे यांनी संगणकातल्या पृथ्वीवरचे पर्वतच काढून टाकले. त्या जगात मोसमी पाऊस भारतीय उपखंडात नेहमीसारखा आत शिरलाच नाही. मानाबे यांना पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

तापमानाचा आकडा तर आज खऱ्या जगातच सरकतो आहे. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

अशा वेळी निचऱ्याचा आकडा निर्णायक ठरतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या खडकापासून झालेली इथली काळी माती पाणी धरून ठेवते. वसमत भागातल्या हळदीला पाणी भरपूर लागते, पण ते साचले तर कंद कुजतो. म्हणून हळद गादीवाफ्यावर लावतात आणि पाण्याला वाट करून देतात.

खेळात जग बिघडले की पुसून नवे करता येते. शेतकऱ्याला डोंगर, वारा किंवा तापमान बदलता येत नाही. त्याच्या हातात एवढा निचऱ्याचा आकडाच असतो.