टप्पा पडेल अशी जमीन : भारतीय पुरुष बास्केटबॉल संघाची पाऊणशे वर्षे

लोकसंख्येने जगात पहिला असलेला आपला देश बास्केटबॉलच्या जगात मात्र लहान आहे. भारताचा पुरुष संघ विश्वचषकासाठी आजवर एकदाही पात्र ठरलेला नाही. ऑलिंपिक खेळला तो एकदाच, १९८० साली. आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतली त्याची सर्वोत्तम कामगिरी चौथ्या क्रमांकाची, आणि तीही १९७५ सालची.

याच्या शेजारी लिथुआनिया ठेवून पाहावा. या देशाची वस्ती तीस लाखांहून कमी आहे. परभणी आणि हिंगोली हे १ मे १९९९ पर्यंत एकच असलेले जिल्हे २०११च्या जनगणनेनुसार एकत्र मोजले, तर माणसे तीस लाखांवर जातात. म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्याएवढ्या देशाने १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये पुरुष बास्केटबॉलचे कांस्यपदक मिळवले, आणि १९३७, १९३९ व २००३ साली युरोपचे अजिंक्यपदही.

मग आपले अडले कुठे? उंचीचे कारण सगळ्यांच्या तोंडी असते, पण ते टिकत नाही. फिलिपिन्सची माणसे आपल्यापेक्षा उंच नाहीत, तरी १९५४च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी तिसरा क्रमांक पटकावला. त्याहून वर आशियातला कोणताही पुरुष संघ आजवर गेलेला नाही. तिथे गल्लोगल्ली रिंग टांगलेली असते. भारतीय संघाचा इतिहास नीट वाचला तर तोही हेच सांगतो. हा संघ जेव्हा जेव्हा वर आला, तेव्हा त्याच्या पाठीशी दोन-चार मोजकी ठिकाणे होती. तिथे कोर्ट घराजवळ होते, ते संध्याकाळी उघडे असायचे आणि शिकवणारा माणूस रोज येत असे. ही ठिकाणे वाढली नाहीत, म्हणून संघही वाढला नाही.

स्प्रिंगफिल्ड ते मद्रास

डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला. बर्फाच्या दिवसांत मुलांना छपराखाली खेळवायचे होते. त्याने सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. टोपलीची पुढे लोखंडी रिंग झाली, पण दहा फुटांची उंची आजही तीच आहे.

नेस्मिथची संस्था वायएमसीएची, म्हणून वायएमसीए जिथे गेली तिथे हा खेळ गेला. पहिल्या सामन्यात खेळलेल्यांपैकी डंकन पॅटन यांनी तो १८९४च्या सुमारास भारतात आणला असे मानले जाते. त्याला खरी मुळे फुटली मद्रासेत. हॅरी क्रो बक यांनी १९२०मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभरच्या शाळा-कॉलेजांत पसरले आणि त्यांच्याबरोबर हा खेळही. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली आणि स्वतंत्र राष्ट्रीय महासंघ १९५०मध्ये उभा राहिला.

मधले एक वर्ष मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या कोर्टवर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना, ड्रिबल करता येईना. अमेरिकेने कॅनडाला हरवले ते अवघ्या १९-८ अशा गुणांनी. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कबड्डी मातीतच रंगते आणि बास्केटबॉल मातीत अडतो. हा फरक पुढे मराठवाड्याच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

लष्कराचे आणि रेल्वेचे दिवस

मार्च १९५१मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. फिलिपिन्स, जपान आणि इराण यांच्या पाठोपाठ भारत चौथा आला. आशियाई अजिंक्यपदाची वेगळी स्पर्धा १९६०मध्ये मनिलात सुरू झाली आणि भारत तिच्यात १९६५ साली क्वालालंपूरला उतरला. पुढच्या दहा वर्षांत जो संघ घडला, तो भारताचा सर्वांत भक्कम संघ.

तो घडला नोकरीच्या आधारावर. सेनादल, रेल्वे आणि पोलीस यांनी खेळाडूला पगार दिला, खुराक दिला, सरावाला वेळ दिला आणि छावणीत किंवा वसाहतीत कोर्ट दिले. राष्ट्रीय स्पर्धेत सेनादलाचा दबदबा वर्षानुवर्षे राहिला तो यामुळेच. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. ज्या काळात खेळून पोट भरत नसे, त्या काळात खेळाडू मैदानावर टिकला तो या नोकऱ्यांमुळे. लष्करातले खुशीराम हे त्या पिढीचे मोठे नाव. अचूक फेकीसाठी ते आशियाभर ओळखले गेले आणि १९६७ साली अर्जुन पुरस्काराचे मानकरी झाले. त्यांच्यामागून गुरदयाल सिंग, हरी दत्त, मनमोहन सिंग, सुरेंद्रकुमार कटारिया, हनुमान सिंग अशी अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्यांची रांगच लागली.

१९७५ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत चीन पहिल्यांदाच उतरला आणि विजेता झाला. जपान दुसरा, दक्षिण कोरिया तिसरा आणि भारत चौथा. फिलिपिन्स आपल्या मागे राहिला. भारतीय पुरुष बास्केटबॉलचा हा उच्चांक.

नागपाड्याचा धडा

या काळात महाराष्ट्राने संघाला जे दिले, त्याचे मूळ मुंबईतल्या एका दाटीवाटीच्या वस्तीत आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३मध्ये मुंबईत उतरले. अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ नियतकालिक सुरू करणारे मिशन ते हेच. त्याच मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ उभारले. कष्टकऱ्यांच्या वस्तीत वाचनालय असावे, दवाखाना असावा, मुलांना खेळायला जागा असावी, ही त्यामागची कल्पना. समाजकार्य शिकवणारी जी संस्था पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणून जगाला माहीत झाली, तीही १९३६मध्ये याच वास्तूत सुरू झाली.

नागपाड्याच्या मुलांना बास्केटबॉलचा लळा लागला तो अशा वातावरणात. बच्चू खान यांचे नाव दिलेले महापालिकेचे मैदान आणि मस्तान तलावाजवळचे वायएमसीएचे कोर्ट, एवढ्या चिंचोळ्या परिसरातून राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू पिढ्यानपिढ्या निघत राहिले. गुलाम अब्बास मुंतसिर इथलेच. ते भारताचे कर्णधार झाले आणि १९७०मध्ये अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले.

नागपाड्यात ना पैसा होता ना मोकळी जागा. होते ते चालत जाता येईल असे कोर्ट. शाळा सुटल्यावर लहान मुले कडेला उभी राहून मोठ्यांचा खेळ पाहायची, कोर्ट रिकामे झाले की उतरायची आणि चार-पाच वर्षांनी मोठ्यांच्या संघात घेतली जायची. खेळ पुढच्या पिढीत असाच उतरतो. शिबिरात डाव शिकवता येतात, पण चेंडू हाताच्या अंगवळणी पडतो तो अशा रोजच्या संध्याकाळीच.

मॉस्को आणि त्यानंतरची घसरण

१९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार टाकला. आशियातले वरचे संघ गेले नाहीत आणि भारताला जागा मिळाली. अजमेर सिंग, हनुमान सिंग, राधेश्याम यांच्यासारखे खेळाडू जगातल्या सर्वोत्तम संघांसमोर उभे राहिले. भारत सगळे सामने हरला आणि बारा संघांत बारावा आला. तरीही तो अनुभव मोलाचा होता. त्यानंतरच्या एकाही पिढीला तो मिळालेला नाही.

पुढच्या वर्षी आशियाई अजिंक्यपद कलकत्त्यात भरले. देशात खेळाविषयी उत्सुकता होती, पण तोवर आशिया बदलू लागला होता. फिलिपिन्सने १९७५ सालीच व्यावसायिक लीग सुरू केली होती, आणि चीनची १९९५मध्ये सुरू झाली. तीन गुणांच्या फेकीचा नियम १९८४पासून जगभर लागू झाला आणि खेळाचा नूरच पालटला. आता लांबून अचूक फेकणारे पाच जण लागत, आणि तशी फेक हजारो वेळा घटवायला वारा-ऊन न लागणारे लाकडी कोर्ट लागते. शेजारी देश छपराखाली गेले, आपली बहुतेक मुले उघड्या सिमेंटवर राहिली. १९८३च्या विश्वविजयानंतर पैसा आणि दूरदर्शनचा वेळ क्रिकेटकडे वळला. सेनादल आणि रेल्वेच्या नोकऱ्या होत्या तशाच राहिल्या, पण पगाराच्या हमीवर चालणारा संघ वर्षभर लीग खेळणाऱ्या संघापुढे टिकेना.

लुधियाना, वाराणसी आणि वूहान

नव्या शतकात संघ पुन्हा सावरला, आणि तेही एका-दोन ठिकाणांच्या बळावर. लुधियानाच्या गुरू नानक स्टेडियममधल्या अकादमीत डॉ. एस. सुब्रमण्यन या प्रशिक्षकांनी पंजाबच्या खेड्यांतली उंच मुले शोधून आणली आणि त्यांना शून्यापासून घडवले. बल्लो के गावचा सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग त्यांतलाच. २०१५मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याची ५२व्या क्रमांकावर निवड केली आणि एनबीएच्या निवडीत नाव लागलेला तो पहिला भारतीय ठरला. हे पाहायला सुब्रमण्यन नव्हते. २०१३मध्येच त्यांचे निधन झाले होते.

अमृतपाल सिंग हा शेतकऱ्याच्या घरातला. आधी तो कबड्डी खेळे, बास्केटबॉल हाती आला तो विशीच्या उंबरठ्यावर, आणि २०१७मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या सिडनी किंग्जपर्यंत पोहोचला. कबड्डी खेळणाऱ्या परभणीच्या पोरांनी ही हकीकत जरूर ऐकावी. तिकडे वाराणसीने संघाला विशेष भृगुवंशीसारखा कर्णधार दिला, ज्याला २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच शहरातल्या चार सिंग भगिनी महिला संघातून देशासाठी खेळल्या.

या पिढीचा मानाचा दिवस जुलै २०१४मधला. चीनमधल्या वूहान शहरात, आशिया चषकात, स्कॉट फ्लेमिंग यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने यजमान चीनला ६५-५८ असे हरवले. याच स्पर्धेत अमृतपाल आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवून खेळायला लावले गेले. त्यावरून जगभर आवाज उठला आणि २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने डोक्यावरील वस्त्रांविषयीचा नियमच बदलला. दोन भारतीय खेळाडूंना सोसावा लागलेला तो अपमान पुढे अनेक देशांतल्या, अनेक धर्मांच्या मुलामुलींसाठी वाट मोकळी करून गेला.

हा जोम टिकायला हवा होता. पण महासंघात फूट पडली आणि २०१५मध्ये आलेली व्यावसायिक लीग दोन वर्षांत थांबली. २०२२पासून नव्या लीगचे प्रयत्न सुरू आहेत. ऑगस्ट २०२५मध्ये पात्रता फेरी पार करून भारत जेद्दाच्या आशिया चषकात उतरला. जॉर्डनला त्याने जादा वेळेपर्यंत झुंजवले, पण गटातून पुढे जाता आले नाही. जिद्द आहे, हातात कौशल्य आहे. कमी आहे ती मागून येणाऱ्या खेळाडूंची.

आपल्या काळ्या मातीत

हे खेळाडू महाराष्ट्रातून येऊ शकतात. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले आहे. २०१७मध्ये बंगळुरूला कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून वरच्या गटात गेलेल्या संघातही त्या होत्या. पण मुंबई-पुण्याच्या पलीकडे चित्र विरळ होत जाते, आणि मराठवाड्यात तर फारच.

आपल्या मुलांत दम नाही, असे कुणी म्हणू नये. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. धावायला रस्ता लागतो, तो आहे. कबड्डीला, खो-खोला माती लागते, ती तर गोदाकाठची, उत्तम काळी. बास्केटबॉलला मात्र टप्पा लागतो, आणि काळ्या मातीत चेंडू उसळत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते सिमेंट ओतले तर दोन-तीन वर्षांत कोर्टला तडे जातात, कडा उचलतात, आणि मुले पायांना जपून खेळू लागतात. इथे कोर्ट करायचे तर आधी काळी माती उपसून काढावी लागते, मुरूम भरून दाबावा लागतो, पाण्याला उतार द्यावा लागतो आणि मगच काँक्रीट. घराचा पाया घालणारा आपल्याकडचा प्रत्येक गवंडी हे जाणतो. शाळेच्या मैदानासाठी निविदा काढणाऱ्यांनीही ते जाणले पाहिजे.

दुसरी गोष्ट दिव्यांची. एप्रिल-मेच्या परभणीत दिवस मावळल्याशिवाय सिमेंटवर पाय ठेववत नाही, आणि सुट्टीचे, सरावाचे दिवस तेच. ज्या कोर्टवर संध्याकाळी दिवे नाहीत, ते अर्धे वर्ष बंदच म्हणायचे. तिसरी गोष्ट माणसाची. शालेय स्पर्धा जवळ आली की पंधरा दिवस संघ उभा करायचा आणि जिल्हास्तर उरकला की चेंडू कपाटात ठेवायचा, यातून खेळाडू घडत नाहीत. वर्षभर रोज दोन तास कोर्टवर उभा राहणारा आणि त्याचे मानधन वेळेवर मिळणारा प्रशिक्षक हवा. नागपाडा, लुधियाना, वाराणसी इथे वेगळे काही नव्हते, हेच होते.

परभणी जिल्ह्यात तालुके नऊ : परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, पालम आणि सोनपेठ. प्रत्येक तालुक्याच्या गावी मुरमाच्या पायावरचे एक पक्के कोर्ट, दोन सरळ उभे बोर्ड, चार दिवे आणि एक प्रशिक्षक एवढी मागणी फार मोठी नाही. जिल्हा नियोजन समिती, नगरपालिका, शाळांच्या संस्था आणि गावातले जुने खेळाडू यांनी मनावर घेतले तर ती पुरी होण्यासारखी आहे. एवढ्याने उद्या भारत ऑलिंपिकला जाणार नाही. पण पाऊणशे वर्षांत हा संघ पाच-सहा ठिकाणांच्या जोरावर उभा राहिला आहे. त्यांच्या यादीत मराठवाड्यातले एखादे तालुक्याचे गाव लागायला हवे, आणि ते लावणे आपल्या हातात आहे.