खडकातली ओल मोजणारी नळी

सोलापूरकडे बोअर मारणे म्हणजे जुगारच. कर्ज काढून पाचशे फूट खाली जावे, अन् वर नुसती धूळ यावी! आपल्याखाली काळा खडक आहे. शेजारी किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतले. तेथे या खडकाचे थर ३३८ मीटरपर्यंत निघाले. पाणी सापडते ते त्यातल्या भेगांत, भोकाभोकांच्या थरांत. ते थर कसे ओळखावे?

त्यासाठी भोकात तारेने एक नळी सोडतात. तिच्यातून न्यूट्रॉन नावाचे अतिबारीक कण निघतात. गोटी धोंड्यावर आपटली तर उडून परत येते. तेवढ्याच गोटीवर नेमकी आपटली, तर जागीच थांबते. पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचा कण न्यूट्रॉनएवढाच जड. त्यावर आपटून न्यूट्रॉन मंदावतो. नळीच्या दुसऱ्या टोकाच्या मोजणी-यंत्राशी थोडेच कण पोचले, की समजावे, येथे ओल आहे.

पण चिकणमातीत अडकलेले पाणीही यंत्र मोजते. ते काही पंपाला येत नाही! म्हणून जाणकार दुसऱ्या तऱ्हेची मोजणीही घेतात.

बरे, ही नळी उतरते ती भोक पाडल्यावर. बोअर कोठे घ्यावे, हे ती आधी सांगत नाही. नारळवाला आधी सांगतो, पैसेही आधीच घेतो! तेलाच्या शोधात ही नळी फार चालते, शेतकऱ्याच्या बोअरला क्वचितच. त्यातला पदार्थ अंगाला घातक असतो. परवान्याशिवाय त्याला हात लावता येत नाही.