शेवाळ, स्वच्छता आणि आमची एक चूक



गेल्या वर्षभरात अनेकांनी फोनवर विचारले, "तुमच्या त्या माशांच्या पेटीचं काय झालं?" प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे असे वाटले. शिवाय त्यात आमच्या हातून एक चूक झाली. जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या माणसाकडून तरी ती व्हायला नको होती. म्हणून हा लेखप्रपंच.

घरातला समुद्र

आमचे श्रूजबरी गाव मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर शहराला लागून आहे. हिवाळ्यात दाराबाहेर गुडघाभर बर्फ, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दीडशे लिटर कोमट समुद्र! २०२२ च्या उन्हाळ्यात ह्यांनी आणि आमच्या नातवाने मिळून ही काचेची पेटी मांडली. ह्यांचे बालपण अलिबागजवळ नवगावला गेले. भरती ओसरली की खडकांतल्या डबक्यांत मासे बघत बसायचे. पुढे मुंबईला आल्यावर मरीन ड्राइव्हचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. ते १९५१ साली सुरू झालेले. तेव्हापासूनचे हे वेड, म्हातारपणी पुन्हा उफाळून आले.

पेटीत दोन केशरी-पांढरे क्लाउन मासे, एक लहानसा गोबी, आणि ह्यांनी स्वतः निवडलेले एक मऊ पोवळे. दिसायला भूछत्रासारखे, त्याला येथे लेदर कोरल म्हणतात. साफसफाईला गोगलगाई, शंखात राहणारे खेकडे आणि एक कोळंबी. "आपल्या ताटात ज्यांना जागा नाही, ते सगळे इथे कामाला!" असे म्हणून हे हसायचे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हे गेले. शिवाचे सात दिवस घर माणसांनी भरलेले. जो येई तो पेटीपाशी थांबे आणि एक चिमूट खाणे टाकी. मुक्या जीवांना आधी द्यावे, ही आपली रीतच आहे. पाणी आटून खाली गेले तेव्हा कुणीतरी नळाचे पाणी ओतून भर घातली. कुणाचा दोष नाही, सगळे मायेपोटीच झाले. पण फेब्रुवारी उजाडला तो खडकांवर बोटभर लांब हिरवे केस घेऊनच. ते शेवाळ वाढत वाढत ह्यांच्या पोवळ्याच्या देठापर्यंत आले.

शेवाळ का वाढते?

बालदोस्तांनो, हे नीट समजून घ्या. पोवळे हे झाड नाही, दगडही नाही, तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते, ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. म्हणजे शेवाळ हा काही आपला शत्रू नव्हे! पोवळ्यांच्या समुद्रात पाणी नितळ असते, कारण त्यात विरघळलेले नायट्रेट आणि फॉस्फेट फार थोडे असतात. शेतात खत घालतात ना, तेच हे. खत थोडे असेल तर पोवळे टिकते. खत वाढले की मोकळे शेवाळ पोवळ्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढते, त्याचे ऊन अडवते आणि त्याला गुदमरवते.

पेटीत हे खत येते कुठून? मुख्यतः आपल्या हातून. खाणे पाण्यात पडले, माशाने खाल्ले, त्याची विष्ठा झाली, उरलेले कुजले, की झाले खत. नळाचे पाणी पिण्याला उत्तम असले तरी त्यातले क्षार पेटीत साठत जातात, म्हणून तेथे गाळून क्षार काढलेलेच पाणी घालायचे असते.

एक गंमत पाहा. शेवाळ माजलेले असताना पाणी तपासले तर कधी कधी फॉस्फेट शून्य येते. याचा अर्थ खत नाही असा नव्हे, ते शेवाळाच्या पोटात गेलेले असते. आमच्याकडे मात्र लपवाछपवी नव्हती. लिटरला नायट्रेट ४० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.३ मिलिग्रॅम! नातू म्हणाला, "आजी, हे तर सूप झालं!"

आमची चूक

आम्ही कंबर कसली. टूथब्रश घेऊन खडक घासले, नळीने गाळ ओढला, दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, दिव्याचे तास बारावरून आठवर आणले. फेस काढणारे यंत्र असते, त्याला स्किमर म्हणतात. डाळ उकळताना वरचा फेस आपण डावाने काढतो, तसे ते पाण्यातली घाण काढते. ते साफ करून जोरात लावले. येथवर सगळे बरोबर होते, आणि हिरवे केस कमी होऊ लागले.

थांबायला हवे होते ते येथे. पण आमचा हात वॉर्डातला. चादरीवर डाग दिसला की चादर बदलायची, ही सवय. फॉस्फेट शोषणारे लोहाचे तपकिरी दाणे मिळतात, ते सांगितल्यापेक्षा दुप्पट घातले. माशांचे खाणे दिवसाआड केले. मे २०२४ मध्ये तपासणी केली तर दोन्ही आकडे शून्य. खडक पांढरेशुभ्र! आम्ही मोठ्या अभिमानाने मुलीला फोटो पाठवले.

तीन आठवड्यांनी वाळूवर तपकिरी बुळबुळीत जाळे दिसले. दुपारी त्यात हवेचे बुडबुडे लटकत, रात्री दिवा गेला की बरेचसे नाहीसे होई, सकाळी पुन्हा हजर. आम्हाला वाटले, अजून घाण राहिली. आणखी पाणी बदलले, आणखी घासले. ते दुप्पट झाले. गोगलगाई एकामागून एक उलट्या पडू लागल्या. ह्यांचे पोवळे मिटले, फिकट पडले आणि मिटलेलेच राहिले. काय सांगू, सकाळी त्या खोलीत जायला नको वाटे.

घाण्याचा बैल

शेवटी नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला सूक्ष्मदर्शक काढला. त्या बुळबुळीतला एक थेंब काचेवर ठेवला, ४०० पट मोठा करून पाहिला आणि ओरडला, "आजी, हे चालतंय!" आम्ही डोळा लावला. तिळाच्या दाण्यासारखे टोकदार जीव, टोकाशी जणू दोरी बांधलेली, एकाच जागी गोल गोल फिरत होते. अगदी घाण्याचा बैल! शनवार तेल्यांच्या घरात हे वेगळे सांगायला नको.

हे साधे शेवाळ नव्हते. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या जीवांतले ऑस्ट्रिऑप्सिस हे होते. त्याच्या काही जाती विषारी असतात, गोगलगाई मेल्या त्या त्यानेच. आणि हे बहुधा कधी माजतात? पेटीतले नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आले म्हणजे! इतर शेवाळ आणि चांगले जंतू उपाशी मरतात, जागा रिकामी होते, आणि उपासमारीत तग धरणारा हा गडी ती बळकावतो.

हे ऐकले आणि आम्ही कपाळावर हात मारला. इस्पितळात हेच तर आम्ही वर्षानुवर्षे पाहिले होते. रोग्याला भारी अँटिबायोटिक दिले की आतड्यांतले चांगले जंतूही मरतात, मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू माजतो आणि रोगी जुलाबांनी हैराण होतो. नव्या नर्सना आम्ही हे शिकवले, आणि घरी स्वतःच तेच केले. ह्यांची आठवण जपण्याच्या नादात तिलाच उपाशी ठेवले.

उपाय काय केला?

फॉस्फेटचे दाणे काढून टाकले. पाणी बदलणे थांबवले. मासे पुन्हा रोज पोटभर जेवू लागले, शिवाय नायट्रेट आणि फॉस्फेटचे मोजून थेंब घातले. रोज तपासून नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मिलिग्रॅम असे राखले. तीन दिवस पेटी काळ्या कापडाने झाकली. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, म्हणून पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवले. विष शोषायला कोळसा ठेवला. एका ओळखीच्या जुन्या, निरोगी पेटीतला मूठभर गाळ आणून घातला, म्हणजे चांगले जंतू परत यावेत. दोन महिने लागले. मध्ये थोडे हिरवे शेवाळ परत आले तेव्हा तर आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले!

ज्यांच्याकडे हा जीव गोल न फिरता वाळूतच सरपटत असेल, तो बहुधा दुसरा प्रकार. त्याला अतिनील दिव्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक, मग औषध. निदान आधी, इंजेक्शन नंतर.

एलातच्या समुद्रात

इस्रायलमधल्या आपल्या मंडळींनी एलातची पोवळी पाहिलीच असतील. तेथील पाणी पोषणद्रव्यांच्या बाबतीत गरीब, म्हणूनच ते इतके निळे. पण जून १९९१ मध्ये फिलिपीन्समध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुरळ्याने ऊन अडले आणि पुढचा हिवाळा फार थंड गेला. वरचे पाणी थंड होऊन खाली गेले, ८५० मीटरहून खोलवर घुसळण झाली आणि तळचे खत वर आले. १९९२ च्या वसंतात एलातच्या पोवळ्यांवर शेवाळाची जाड गोधडी पसरली आणि कितीतरी पोवळी तिच्याखाली मेली. आमच्या पेटीत फेब्रुवारीत झाले तेच, फक्त समुद्राच्या मापाने.

त्याच खाडीत जाळ्यांच्या पिंजऱ्यांत मासे पाळत. त्यांच्या खाण्याने आणि विष्ठेने पाणी बिघडते की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला, आणि शेवटी २००८ साली ते पिंजरे हलवले गेले. मग २०२३ मध्ये लांब काट्यांचे काळे समुद्री अर्चिन तेथे रोगाने झपाट्याने मेले. हे अर्चिन खडकावरचे शेवाळ चरतात. ते गेले तर काय होते हे कॅरिबियन समुद्राने १९८३-८४ मध्ये पाहिले आहे. तेथे त्यांच्या भाऊबंदांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मेले आणि जमैकाच्या पोवळ्यांवर शेवाळाचे राज्य आले. म्हणजे नुसते खत मोजून भागत नाही, चरणारेही लागतात.

आमच्या दारचे क्विन्सिगामंड तळे गोड्या पाण्याचे, पण हिशेब तोच. हिरवळीला घातलेले खत पावसाने वाहून तळ्यात जाते. २०१५ पासून आमच्या राज्यात हिरवळीला फॉस्फरसचे खत घालण्यावर निर्बंध आहेत. जुन्या हिरवळीला ते घालायचे तर माती तपासून गरज दाखवावी लागते. आधी तपासा, मग घाला. पेटीला वेगळा नियम तो काय!

नर्सचा इशारा

आता थोडे दटावून सांगतो. पेटीत हात घालण्यापूर्वी हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. पेटीतले खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका. काही पोवळ्यांत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते, ते वाफेबरोबर नाकातोंडात जाते आणि अशाने घरची घरे इस्पितळात भरती झाली आहेत. ऑस्ट्रिऑप्सिसही गरीब नव्हे. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर ते माजले, तेव्हा नुसत्या समुद्राच्या वाऱ्याने सुमारे २०० लोकांना ताप आणि खोकला होऊन दवाखाना गाठावा लागला. डोळे चुरचुरले, धाप लागली तर "जरा पडतो, बरं वाटेल" असे म्हणत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आणि पाहुणे येणार असतील तर पेटीजवळ चिठ्ठी लावा: "आमचे जेवण झाले आहे." आम्ही लावली आहे, मराठीत आणि इंग्रजीत.

ह्यांचे पोवळे ऑक्टोबर २०२४ पर्यंत मिटलेलेच होते. मग एका सकाळी त्याच्यावरून मेणासारखी पातळ साल सुटून पाण्यात तरंगताना दिसली. आम्ही घाबरलो. पण ही त्याची जुनी कात होती. संध्याकाळी नातू शाळेतून आला तोवर त्याचे बोटांसारखे तंतू बाहेर येऊन हलत होते. तो दप्तर न काढताच कितीतरी वेळ पेटीसमोर उभा राहिला. म्हणाला, "आजोबांना फोटो पाठवला असता."

आता त्याच्या देठाशी एक लहान पिल्लू फुटले आहे. समोरची काच नातू रविवारी घासतो. मागच्या काचेवर थोडे हिरवे शेवाळ असते, ते आम्ही तसेच ठेवतो. गोगलगाईंनाही काही लागतेच ना.