शेजारच्या सीटवरून

३ जानेवारी २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या बिशाहून डकार रॅली सुटली, तेव्हा तिच्या क्लासिक गटात पुण्याचे संजय टकले होते. गाडी टोयोटा लँड क्रूझर एचझेडजे ७८. तिचं ४.२ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, टर्बोबिर्बो काही नाही. पुढे दोन आठवडे वाळू, खडक आणि वाळवंटातली रात्रीची थंडी. मोटरसायकलवर भारतीय आधीच डकारला पोचले होते. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये ही शर्यत पुरी केली, हरिथ नोआ यांनी २०२४ मध्ये रॅली-२ गट जिंकला. पण चार चाकांवर डकारला उतरणारे टकले हे पहिलेच भारतीय. १७ जानेवारीला शुबायताच्या वाळूत शर्यत संपली आणि त्यांची गाडी शेवटपर्यंत पोचली.

पुण्यातल्या बातम्यांत टकल्यांचं नाव होतं आणि ते असायलाच हवं. पण त्या गाडीत आणखी एक माणूस होता, मॅक्सिम रो नावाचा फ्रेंच सहचालक. मला लिहायचंय ते तो बसला होता त्या सीटबद्दल. मी बिबवेवाडीत राहतो, हौशी रॅलींमध्ये नॅव्हिगेटर म्हणून बसतो, आणि इतक्या वर्षांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेलाय: ‘म्हणजे गाडी तू नाही चालवत?’ नाही. पण ती कुठे जाणार, कुठल्या क्षणी जाणार आणि वळणापलीकडे काय आहे, हे त्या गाडीत फक्त मला माहीत असतं.

आधी रॅली ही शर्यत समजून घ्यायला हवी. रेसट्रॅकवर सगळ्या गाड्या एकत्र सुटतात आणि त्याच रस्त्यावरून फेऱ्या मारतात. रॅलीत एकेक गाडी ठरावीक अंतराने सुटते, दिवसभराच्या वाटेचे तुकडे पाडलेले असतात. काही तुकडे वेळ लावून पळायचे, ते स्पेशल स्टेज. मधले जोडरस्ते साध्या रहदारीतून, नियम पाळून काटायचे. तिथेही ठरलेल्या मिनिटाला चौकीवर हजर व्हावं लागतं. लवकर गेलात तरी दंड, उशिरा गेलात तरी दंड. चौकीवर वेळेची नोंद करून घेण्याचं काम नॅव्हिगेटरचं. स्टेजमध्ये मोठ्या कष्टाने मिळवलेले सेकंद एका चुकीच्या मिनिटाने घालवलेल्या जोड्या मी पाहिल्या आहेत.

डकारचा जन्मच वाट चुकण्यातून झाला. १९७७ मध्ये आबिजान–नीस रॅलीत थिएरी साबीन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार लिबियाच्या वाळवंटात हरवला. मरता मरता वाचला, आणि परतल्यावर त्याने ठरवलं की इतरांनाही हे वाळवंट दाखवायचं. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली पॅरिस–डकार सुटली. १८२ वाहनं होती, दहा हजार किलोमीटरची वाट, आणि निम्म्याहून कमी वाहनं सेनेगलच्या किनाऱ्यावर पोचली. साबीन स्वतः १९८६ च्या शर्यतीत मालीमध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेला. २००८ ची शर्यत दहशतवादाच्या धोक्यामुळे रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. नाव मात्र डकारच राहिलं.

नॅव्हिगेटरच्या कामाचे ढोबळमानाने दोन प्रकार. जागतिक रॅली अजिंक्यपद स्पर्धेत जोडीला शर्यतीआधी रस्ता पाहायला मिळतो. प्रत्येक स्टेजवरून मर्यादित वेगाने दोन वेळा जायचं. चालक वळणामागून वळण बोलत जातो, शेजारचा लिहीत जातो. वळण किती तीव्र, किती लांब, पुढे आवळतंय की उघडतंय, आतल्या कडेला दगड आहे का, चढाच्या माथ्यावर गाडी उडेल का. यांना पेस नोट्स म्हणतात. शर्यतीच्या दिवशी तेच उलटं होतं: शेजारचा वाचतो आणि चालक ऐकून चालवतो. धुक्यात, धुळीत, रात्रीच्या जंगलात चालकाला दिसत काहीच नसतं, तरी तो पाय काढत नाही, कारण कानात आवाज चालू असतो. वाचायचं कधी हेच खरं कौशल्य. फार आधी सांगितलं तर चालक विसरतो, उशिरा सांगितलं तर गाडी दरीत. सेबास्टियन लोब आणि डॅनियल एलेना या जोडीने २००४ ते २०१२ अशी सलग नऊ जगज्जेतेपदं याच कानाच्या जोरावर मिळवली. मिशेल मूतों १९८१ मध्ये सानरेमो रॅली जिंकून जागतिक फेरी जिंकणारी पहिली स्त्री ठरली, तेव्हा शेजारी फॅब्रिझिया पोन्स होती. दोन बायकांनी मिळून जिंकलेली शर्यत एकीच्याच नावावर सांगितली जाते, हे मला दरवेळी खटकतं.

दुसरा प्रकार रोडबुकचा. डकारसारख्या शर्यतीत रस्ता आधी पाहायची मुभाच नसते, आणि बऱ्याचदा रस्ताही नसतो. पूर्वी कागदी रोडबुक आदल्या संध्याकाळी मिळायचं आणि नॅव्हिगेटर रात्री जागून ते रंगवायचे. हल्ली मुख्य शर्यतीत ते टॅब्लेटवर येतं, तेही टप्पा सुटण्याच्या थोडंच आधी. तयारीला रात्र राहिलेली नाही.

रोडबुक कसं वाचतात ते आमच्याच भागावरून सांगतो. बिबवेवाडीहून बोपदेव घाटाने सासवडला जायचंय असं धरा. पानावर तीन रकाने. पहिल्यात किलोमीटर: सुरुवातीपासूनचे आणि मागच्या खुणेपासूनचे. मधल्यात छोटं रेखाचित्र. खाली ठिपका, म्हणजे आपण इथून आलो. बाण, म्हणजे इकडे जायचं. बाकीच्या रेघा म्हणजे सोडून द्यायचे रस्ते. तिसऱ्यात सूचना. गंगाधाम चौक: सरळ, पुढे तीव्र चढ. आई माता मंदिर. मग कात्रज–कोंढवा रस्त्याला लागताच डावीकडे. खडी मशीन चौक: उजवीकडे, येवलेवाडी. घाट सुरू: एक उद्गारचिन्ह, म्हणजे जपून. डोंगराच्या कुशीतलं उलटं वळण: दोन उद्गारचिन्हं. तीन उद्गारचिन्हं आली तर धोका मोठा, वेग पार कमी करायचा. खूण म्हणून दुकानाची पाटी लिहायची नाही, ती उद्या बदलते. देऊळ, पूल, मैलाचा दगड, पाण्याची टाकी चालते. आता याच पानावरून रस्ते पुसून टाका, देवळं पुसून टाका, आणि मागे उरेल ते: ‘४.२० किलोमीटर, दिशा ११५ अंश, तिसऱ्या टेकडीनंतर खडकाच्या डावीकडून.’ हे डकारचं पान.

त्या ४.२० वर सगळं टांगलेलं असतं. वाळूत चाकं घसरतात, चाक फिरतं पण गाडी पुढे जात नाही, आणि मीटर मात्र पळत राहतो. मग पुढची प्रत्येक खूण मीटरच्या हिशोबाने थोडी उशिरा येते. चांगला नॅव्हिगेटर पक्की खूण दिसली की मीटर जुळवून घेतो, आणि शंका आली की गाडी थांबवायला सांगतो. मागच्या गाडीची धूळ दिसत असताना चालकाला ‘थांब, आपण चुकलोय’ म्हणायला मोठी छाती लागते. दुसऱ्यांच्या चाकांच्या खुणांमागे जाणं सोपं असतं, पण पुढचेही चुकलेले असू शकतात. वाटेत अदृश्य बिंदू असतात, त्यांच्या ठरावीक अंतरातून गाडी गेली की नाही हे यंत्र नोंदवतं. एक सुटला की दंड.

डकार क्लासिक २०२१ मध्ये सुरू झाली, जुन्या गाड्यांसाठी. तिथे सर्वांत वेगवान असण्याला बक्षीस नाही. नेमून दिलेला सरासरी वेग अचूक राखायचा, जास्तही नाही, कमीही नाही. भारतात हौशी मंडळी ज्या टीएसडी रॅली करतात, त्यांचा गाभा हाच: वेळ, वेग, अंतर. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६०० मीटर. मघाचे ४.२० किलोमीटर बरोबर ७ मिनिटांत. बैलगाडी आडवी आली, फाटक लागलं, तर हरवलेले सेकंद पुढच्या तुकड्यात कसे भरून काढायचे, हे तोंडी हिशोबाने चालकाला सांगत राहायचं. मला हा प्रकार फार आवडतो, कारण इथे जुनी गाडी आणि साधी कारसुद्धा मोठ्या यंत्रांच्या बरोबरीने उभी राहते.

डकारसारखी लांब पल्ल्याची शर्यत महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून ९८ गाड्या सिडनीला निघाल्या. इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली आणि मग इंदूरवरून मुंबई. आठवडाभर जवळजवळ न झोपता आलेल्या त्या जोड्या आणि त्रिकुटं मुंबईत पोचली, तेव्हा ७२ गाड्या उरल्या होत्या. मुंबईचे डॉ. बोम्सी वाडिया फोर्ड लोटस कॉर्टिना घेऊन या शर्यतीत होते. मुंबईपर्यंत रॉजर क्लार्क आणि उवे अँडरसन पुढे होते. तिथून ‘चुसान’ या बोटीने गाड्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. शेवटच्या दिवशी ल्युसियाँ बियांकी आणि जाँ-क्लोद ओजिए यांची सित्रोएन आघाडीवर होती. अंतिम रेषा अगदी हाताशी आली असताना समोरून आलेल्या गाडीवर ती आदळली. ओजिए चालवत होता, बियांकी शेजारी होता आणि जबर जखमी झाला. मागून आलेल्या पॅडी हॉपकर्कने स्वतःची शर्यत बाजूला ठेवून गाडी थांबवली, मदत मिळवून दिली आणि मग पुढे गेला. हॉपकर्क दुसरा आला. अँड्र्यू कोवान, कॉलिन माल्किन आणि ब्रायन कॉइल यांची हिलमन हंटर पहिली. सबंध रॅलीच्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हॉपकर्कचं ते थांबणं.

पुढे १९८० मध्ये नाझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली आणि परदेशी जोड्या आपल्या घाटांत आल्या. नाशिककडे रॅली ऑफ महाराष्ट्र होत आली. यातल्या स्पेशल स्टेज चालतात त्या रहदारीला बंद रस्त्यांवर, आणि रस्ता बंद असणं ही सर्वांत गंभीर गोष्ट आहे. २०१९ मध्ये राजस्थानात बारमेर भागात एका राष्ट्रीय रॅलीच्या बंद मार्गावर दुचाकी आली आणि रॅलीच्या गाडीची धडक बसून एका कुटुंबातले तीन जण गेले. वळणापलीकडे माणूस नसेल हे कुठल्याही नोटमध्ये लिहिता येत नाही. ते गावाशी बोलून, प्रत्येक पायवाटेवर स्वयंसेवक उभा करूनच साधतं. ज्या आयोजकाला ते जमत नसेल त्याने शर्यत भरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपघात झाला की सहचालकाची आणखी एक जबाबदारी सुरू होते. गाडी थांबल्यावर मागच्या वळणापर्यंत पळत जाऊन त्रिकोण लावायचा आणि पाटी उंच धरायची: ‘ओके’ किंवा ‘एसओएस’. एसओएस दिसलं तर मागून येणाऱ्या गाडीने थांबायलाच हवं. मदतीत गेलेला वेळ परीक्षक भरून देतात. १९६८ मध्ये जे हॉपकर्कच्या मनावर होतं, ते आता नियमात आलंय.

आमच्या भागातल्या व्हीआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजातली, गाड्या बनवायच्या वेडाने झपाटलेली मुलं कधी कधी विचारतात, रॅलीत शिरायचं कसं. प्रत्येकाला चालकच व्हायचं असतं, आणि चालकाला गाडी, टायर, सुरक्षेचा पिंजरा, मेकॅनिक हे सगळं उभं करावं लागतं. मी त्यांना सांगतो, आधी एखाद्या टीएसडीत शेजारी बसा. घड्याळ, पेन्सिल, पाढे आणि चालत्या गाडीत वाचताना मळमळणार नाही असं पोट, एवढं पुरतं. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं झालं तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचा परवाना काढावा लागतो. तो चालकालाही लागतो आणि सहचालकालाही, आणि निकालपत्रकात दोघांची नावं एकाच ओळीत छापतात.